रवीचा रविवार

पुढच्या पानांवर ज्या बाईचा लेख आहे, तिच्या अंगावर तीन टॅटू आहेत. घोट्याजवळ एक होडी. दंडाच्या आतल्या बाजूला एक तारीख, त्यात दिवस आणि महिना आहे, साल नाही. आणि डाव्या मनगटावर अर्धं फुलपाखरू. तिन्हींमागे तीन माणसं होती आणि त्यांतलं आज तिच्या आयुष्यात कुणीही नाही. होडी जत्रेतली. कॉलेजच्या वयात, पाळण्याची रांग सोडून, बॅटरीवर चालणाऱ्या यंत्रापुढे पाय धरून काढून घेतलेली. तारीख एका लग्नाची, जे ठरलं होतं पण झालं नाही. फुलपाखराचा दुसरा पंख दुसऱ्याच्या मनगटावर आहे. दोघांनी मनगटं शेजारी शेजारी धरली की फुलपाखरू पुरं व्हायचं. आता तिच्या एकटीच्या हातावर ते बघितलं, तर कारागिराला मध्येच चहाचं बोलावणं आलं असावं असं वाटतं.

रिक्षावाल्यापासून रक्त काढणाऱ्या नर्सपर्यंत सगळे तिला एकच प्रश्न विचारतात: हे पुरं का नाही केलंस? तिचं उत्तर तिच्या लेखात आहे, ते इथे फोडायला नको. प्रस्तावनेला एवढंच करता येईल की ती ज्या खुर्चीत बसली, त्या खुर्चीत तिच्याआधी कोण कोण बसून गेलं ते सांगावं. यादी लांब आहे. त्यात खलाशी आहेत, नट-नट्या आहेत, एक फुटबॉलपटू आहे. पण सुरुवात खुर्चीपासून नको, घोंगडीपासून करावी.

'टॅटू' हा शब्द पॅसिफिक महासागरातल्या पॉलिनेशियन भाषांमधला. कॅप्टन कुकचं जहाज १७६९ साली ताहितीला लागलं, तेव्हा त्यावरच्या जोसेफ बँक्सनं तिथल्या लोकांच्या अंगावरच्या नक्षीची नोंद करून ठेवली. तो शब्द इंग्रजीत शिरला आणि फिरत फिरत पुण्या-मुंबईच्या दुकानांच्या पाट्यांवर आला. गोंदण मात्र आपल्या घरातलं. शांता शेळके यांनी आपल्या एका कवितासंग्रहाला तेच नाव दिलं, आणि मराठी वाचकाला त्याचा अर्थ कुणी समजावून सांगावा लागला नाही.

गोंदणारीण गावात यायची ती बहुधा सुगीनंतर, घरात दाणे असताना. अंगणात घोंगडी टाकायची. एकत्र बांधलेल्या सुया, दिव्याची काजळी, कुठे बिब्बा, कुठे एखाद्या पाल्याचा रस. मुलीचा हात मांडीवर घट्ट धरून ती टोचत जायची, आणि पोरीनं हात ओढू नये म्हणून तोंडानं गाणं चालू ठेवायची. टोचून झालं की वर हळद. काजळी काळी असते, पण कातडीखाली गेल्यावर हिरवट-निळी दिसते. वरच्या कातडीत प्रकाश विखुरतो, त्याचा हा खेळ. म्हणून आज्यांच्या हातावरचं ते सगळं हिरवं: तुळशीवृंदावन, विंचू, हनुवटीवरचा ठिपका आणि कपाळावर, कुंकवाच्या जागी, टिकली किंवा उभी रेघ.

हे का करायचं, याचं उत्तर बायांना पाठ होतं. दागिना चोर नेतो, गहाण पडतो, आणि मेल्यावर तर अंगावरचा मणीसुद्धा काढून घेतात. गोंदण तेवढं सोबत येतं. ज्या बाईच्या नावावर शेत नाही, घर नाही, तिनं मालमत्तेचा हा हिशोब फार सरळ मांडला होता.

याच हातांपैकी काहींवर नवऱ्याचं नाव असायचं. आता गंमत बघा. नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही, घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं, ही समजूत इतकी पक्की की लग्नात, मंगळागौरीत, हळदीकुंकवात नाव घ्यायचा प्रसंग आला तर ते यमकात गुंडाळून, उखाण्यात लपवून घ्यावं लागे. एरवी 'अहो', 'इकडून', नाहीतर पोराच्या नावानं हाक. तेच नाव दंडावर मात्र उघडं. बाजारात हात लांब केला की कुणीही वाचावं. कुणीही म्हणजे तिच्याखेरीज कुणीही, कारण १९५१च्या जनगणनेत देशातल्या स्त्रियांची साक्षरता ९ टक्क्यांच्याही आत होती. जे नाव उच्चारायचं नाही आणि जे आपल्याला वाचता येत नाही, ते या बायांनी जन्मभर अंगावर वागवलं. गोंदणारणीलाही अक्षरओळख असेलच असं नव्हतं. कुणी पाटीवर खडूनं लिहून द्यायचं आणि ती चित्र काढल्यासारखं उतरवून घ्यायची. एखादा काना राहिला तर राहिला.

टॅटू आणि संपलेली नाती हा विषय निघाला की लोक तो आजकालच्या पोरांच्या खात्यावर टाकतात. आधीच्या पिढ्यांत नाती तुटत नव्हती, त्यामुळे प्रश्नच नव्हता, असा त्यामागचा समज. तो खोटा आहे. नाती संपत होतीच. नवरे मरत होते, परागंदा होत होते, दुसरी बायको करत होते. पहिलीसाठी मराठीत शब्दसुद्धा होता, 'टाकलेली', जणू हातातली पिशवी रस्त्यात टाकावी तशी. १९८८ साली संगमनेरला परित्यक्ता स्त्रियांची परिषद भरली, तेव्हा कुठे या बायांना आपण एकट्या नाही हे कळलं. अशा कुणाच्या दंडावर टाकणाऱ्याचं नाव असेल, तर ते तिथेच राहिलं. ते खोडायची सोय नव्हती, आणि खोडावं असं म्हणायची तर त्याहून नव्हती.

विधवेचं काय होत होतं ते सगळ्यांना माहीत आहे. बांगड्या फोडायच्या, मंगळसूत्र तोडायचं, जोडवी काढायची, कपाळ पुसायचं. ही प्रथा बंद करण्याचा ठराव कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं केला तो मे २०२२ मध्ये, म्हणजे अगदी काल-परवा. पण त्या सगळ्या काढाकाढीत एक गोष्ट निघत नव्हती. कुंकू पुसणाऱ्या बाईनं कितीही जोरानं अंगठा फिरवला, तरी त्याच्याखालची हिरवी टिकली जागची हलायची नाही. सौभाग्याचं ते एकच चिन्ह असं होतं की जे नवऱ्याच्या आधी बाईचं होतं आणि नवऱ्यानंतरही तिचंच राहिलं. शास्त्रानं याचा विचार केलेला दिसत नाही. सुयांनी केला होता, असं म्हणण्याचा मोह होतो, पण सुया बिचाऱ्या ज्वारीच्या बदल्यात टोचत होत्या.

या बाबतीत पुरुषांचा इतिहास पुष्कळ मजेचा आहे. न्यू यॉर्कच्या सॅम्युअल ओ'रायलीनं १८९१ साली विजेवर चालणाऱ्या गोंदणयंत्राचं पेटंट घेतलं. मूळ कल्पना एडिसनच्या विजेच्या लेखणीची. कागदाला भोकं पाडून प्रती काढण्यासाठी केलेलं ते यंत्र कचेरीत फारसं चाललं नाही, आणि त्याच्या भावंडानं माणसाच्या कातडीवर जग जिंकलं. काम झटपट होऊ लागलं. बंदरावर जहाज लागलं, खिशात पगार आहे, रात्र संपायच्या आत कुणाचं तरी नाव दंडावर घ्यायचं आहे, अशा गिऱ्हाइकांना आणखी काय हवं?

या गिऱ्हाइकाचं सगळ्यात चांगलं चित्र नॉर्मन रॉकवेल या अमेरिकन चित्रकारानं काढलं. ४ मार्च १९४४च्या 'सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट'चं ते मुखपृष्ठ. महायुद्ध चालू होतं. चित्रात एक नौसैनिक स्टुलावर बसलाय, बाही दंडाच्या वर सरकवलेली. पाठमोरा गोंदणारा, पँटीला ठिगळ, त्याच्या दंडावर वाकलेला. मागची भिंत नमुन्यांनी भरलेली. आणि सैनिकाच्या दंडावर नावांची उतरंड: सेडी, मिमी, ओल्गा आणि आणखी काही, प्रत्येकावर आडवी रेघ. सगळ्यात खाली, अजून ओलं, 'बेटी'. सैनिकाच्या चेहऱ्यावर पश्चात्तापाचा लवलेश नाही. दात काढून सोसलेली थोडी कळ, बस. बेटीच्या खालीही जागा शिल्लक आहे का, हे बघणाऱ्याची नजर आपोआप तपासते. चित्र आता ब्रुकलिन म्युझियमकडे आहे आणि अजून हसू आणतं.

हेच चित्र बाईचं असतं तर? खोडलेली सहा नावं, सातवं ओलं. १९४४ साली ते साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर आलं नसतं, आणि आजही आलं तर त्याखाली लोक काय बोलतील ते सांगायला नको. पुरुषाच्या दंडावरची यादी म्हणजे प्रवासवर्णन, बाईच्या दंडावरची म्हणजे पंचनामा. पुढच्या लेखातल्या तीन टॅटूंपैकी एकातही नाव नाही, हे वाचकानं ध्यानात ठेवावं. होडी, तारीख, पंख. लेखिकेनं याचं कारण दिलेलं नाही, पण ते अंदाजानं कळतं. तिनं नाव न घेता नाव घेतलंय. उखाण्याची सवय इतक्या सहज जात नाही.

नाव घेतलेल्यांचे हाल बघायचे तर हॉलिवूड जवळ आहे. जॉनी डेपनं विनोना रायडरशी साखरपुडा केल्यावर दंडावर 'विनोना फॉरएव्हर' असं कोरून घेतलं. १९९३ साली दोघं वेगळी झाली. डेपनं शेवटची दोन अक्षरं काढायला लावली आणि उरलं 'वायनो फॉरएव्हर', म्हणजे कायमचा बेवडा. पामेला अँडरसन आणि टॉमी ली यांनी १९९५ साली समुद्रकिनाऱ्यावर लग्न केलं आणि अंगठीऐवजी बोटावर एकमेकांची नावं गोंदवली. घटस्फोटानंतर तिनं 'टॉमी'चं पहिलं अक्षर बदलून 'मॉमी' करून घेतलं. नवरा गेला, मुलं राहिली, आणि बोटावरचा मजकूर एका अक्षरात अद्ययावत झाला. अँजेलिना जोलीनं दंडावरचं बिली बॉब थॉर्नटनचं नाव लेसरनं काढलं आणि त्या जागी आपल्या मुलांच्या जन्मठिकाणांचे अक्षांश-रेखांश लिहून घेतले. नवऱ्याचं नाव पुसता येतं, भूगोल जागेवर राहतो, हा हिशोब बिनतोड वाटतो.

मराठीत हे जमलं असतं का? 'टॉमी'चं 'मॉमी' देवनागरीतही होतं, ट वर म चढवला की झालं. पण आपली नावं इतकी सोयीची नाहीत. त्यातल्या त्यात सुखी ते, ज्यांच्या प्रियकराचं नाव सागर, आकाश किंवा किरण होतं. नातं संपल्यावर ते नाव आपोआप निसर्गात विलीन होतं आणि विचारणाऱ्याला 'मला समुद्र आवडतो' असं सांगता येतं. रवी असेल तर पुढे दोन अक्षरं वाढवून रविवार करावा, असं एखादा सुचवेल. पण तिथे शुद्धलेखन आडवं येतं. रवी दीर्घ, रविवार ऱ्हस्व. वेलांटी बदलायची तर पहिली खोडावी लागणार. त्यामुळे शाळेत मराठीच्या तासाला लक्ष दिलेल्या मुलीला रवीचा रविवार करता येत नाही.

लिपीचा विषय निघालाच आहे तर डेव्हिड बेकहॅमचा हात बघून पुढे जाऊ. २००० साली या फुटबॉलपटूनं बायकोचं नाव हातावर देवनागरीत लिहून घेतलं. इंग्रजीत ते भडक दिसलं असतं, अशी त्याची समजूत. लगेच ब्रिटिश वर्तमानपत्रांनी आरडाओरडा केला की नाव चुकलं, त्यात एक 'ह' जास्त आहे. हिंदीच्या जाणकारांना विचारलं तर त्यांनीही मान डोलावली. हातावर होतं 'व्हिक्टोरिया'. आता हे वाचताना मराठी माणसाला चूक सापडणार कुठून? आपण व्हिक्टोरिया टर्मिनस असंच लिहीत आलो, व्हिटॅमिन तसंच लिहितो आणि व्हॅनसुद्धा तशीच. जगभर हसू झालेलं ते नाव मराठी नियमानं अगदी बरोबर आहे. बेकहॅमला हे कुणी कळवलं नसावं. त्याचं लग्न मात्र टिकलं, आणि नाव गोंदलं की नातं मोडतं ही टॅटूवाल्यांची आवडती समजूत त्याच्यापुरती खोटी ठरली.

ती समजूत खरोखरच आहे. प्रेमी जोडपं नाव घालायला आलं तर बरेच कारागीर आधी समजावून बघतात: काहीतरी चिन्ह घ्या, फूल घ्या, तारीख घ्या. यात धंद्याचं नुकसान नाही, कारण तेच गिऱ्हाईक काही वर्षांनी 'कव्हर-अप' करायला परत येतं. कव्हर-अप म्हणजे जुन्याच्या वर नवं, जास्त गडद, जास्त मोठं चित्र बसवणं. पांढऱ्या रंगानं काळा झाकला जात नाही, त्यामुळे दोन इंचांचं नाव लपवायला सहा इंचांचा गरुड लागतो. दुकानातल्या अल्बममधले कितीतरी गरुड, कमळं आणि मोरपिसं कुणा ना कुणाच्या नावावर बसलेली असतात. रस्त्यानं चाललेल्या तरुणाच्या दंडावर राजमुद्रा दिसली की तिच्याखाली आधी बदामात काही होतं का, अशी शंका घ्यायला हरकत नाही.

नाव दंडावर घालणारे सगळे आपण होऊन घालतात असंही नाही. १९७५च्या 'दीवार'मध्ये शाळकरी विजयला पकडून त्याच्या हातावर 'बाप चोर आहे' अशा अर्थाचे शब्द गोंदले जातात. ते पोर मोठं होतं, गोदीत हमाली करतं, श्रीमंत होतं, पण बाहीखालचं ते वाक्य त्याच्या सोबतच राहतं. हिंदी सिनेमात इतकं महाग गोंदण दुसरं नाही. ते नातं बापाचं होतं, प्रेमाचं नव्हतं, एवढाच फरक.

शाई आत राहते कशी, हा प्रश्न शास्त्रज्ञांनाही बराच काळ सतावत होता. कातडीचा वरचा थर सतत झडतो, नवा येतो. शाई त्याच्याखालच्या थरात असते. तिथे शरीराच्या पहारेकरी पेशी, मॅक्रोफेज, बाहेरून आलेला कण दिसला की गिळतात. शाईचे कण गिळून त्या तिथेच बसतात, कारण ते पचवता येत नाहीत. या पेशी जन्मभर जगत असाव्यात, म्हणून टॅटू जन्मभर टिकतो, असा समज होता. २०१८ साली फ्रान्समधल्या मार्सेय शहरातल्या संशोधकांनी उंदरांच्या शेपटीवर हिरवा टॅटू काढला आणि त्या पेशी मुद्दाम मारून टाकल्या. टॅटू होता तसाच राहिला. कारण पेशी मरताना शाई बाहेर टाकते आणि शेजारी नव्यानं आलेली पेशी ती लगेच गिळते. म्हणजे लेखिकेच्या घोट्यावरची होडी ज्या पेशींनी पहिल्यांदा सांभाळली, त्यांतल्या पुष्कळ केव्हाच गेल्या असतील. जाताना त्यांनी आपला बोजा पुढचीच्या ओटीत घातला. कुटुंबातही वस्तू अशाच पुढे सरकतात, कुणी न मागता.

लेसर याच साखळीवर घाव घालतो. अतिशय थोड्या वेळाचा, सेकंदाच्या अब्जाव्या भागाइतका किंवा त्याहून छोटा झोत शाईच्या कणांवर पडतो, कण फुटून बारीक होतात, आणि मग शरीर त्यांना लसिकावाहिन्यांतून वाहून नेतं. काळा रंग त्यातल्या त्यात लवकर जातो, हिरवा आणि पिवळा हट्टी. एका बैठकीत काम होत नाही, दोन बैठकींमध्ये सहा-आठ आठवडे थांबावं लागतं, आणि सावळ्या कातडीवर पांढरा डाग उमटण्याची भीती असते. ज्यांनी करून घेतलंय ते सांगतात की कातडीवर रबरबँड ओढून सोडावा तसं लागतं, एकदा नाही, शेकडो वेळा. घालायला अर्धा तास लागलेलं नाव काढायला वर्ष-दीड वर्ष जातं, आणि खर्च घालण्याच्या कित्येक पट.

या रांगेत प्रेमभंग झालेलेच असतात असं समजू नये. भरतीची तयारी करणारी पोरं बरीच असतात. भारतीय सैन्यात हाताच्या आतल्या बाजूला, कोपरापासून मनगटापर्यंत, आणि पंजाच्या मागच्या बाजूला गोंदलेलं चालतं. बाकी ठिकाणी अडचण येते. आदिवासी समाजांना त्यांच्या परंपरेमुळे यात सवलत आहे. दंडावर बाहेरच्या बाजूला बदाम आणि बाण घेऊन बसलेला पोरगा मग आधी डॉक्टरकडे जातो. मुलगी सोडून गेली तेव्हा त्यानं नाव पुसलं नव्हतं. आता सोळाशे मीटर धावायचं आहे, तेव्हा पुसतो.

लेखिकेचं लेसरबद्दलचं मत कडक आहे. तिच्या मते ती वहीतली खाडाखोड आहे, आणि जे घडलं ते अंगावरून घालवणं म्हणजे स्वतःशी खोटं बोलणं. लेखातला हा भाग सगळ्यात जोरकस आहे, आणि इथेच तिच्याशी भांडावंसं वाटतं. तिची तिन्ही माणसं बरी होती. एक दूर गेला, एकानं शब्द मोडला, एक थकला. मारणाऱ्या माणसाचं नाव रोज आंघोळीच्या वेळी ज्या बाईला वाचावं लागतं, तिला प्रामाणिकपणाचा हा उपदेश कुठल्या तोंडानं करायचा? तिनं लेसरखाली बारा वेळा बसावं आणि बाहेर येऊन आइस्क्रीम खावं. वही तिची आहे, खाडाखोडही तिचीच. दंडावर नाव घेऊन जगलेल्या टाकलेल्या बायांना ही सोय असती, तर त्यातल्या किती जणींनी तत्त्व म्हणून ती नाकारली असती?

तरीही लेखिकेच्या म्हणण्यात काहीतरी आहे हे मान्य करावं लागतं. क्रोएशियातल्या झाग्रेब शहरात तुटलेल्या नात्यांचं एक संग्रहालय आहे. ओलिंका विष्टित्सा आणि द्राझेन ग्रुबिशिच ही दोन कलावंत माणसं चार वर्षं एकत्र होती. वेगळं होताना घरातल्या वस्तूंचं काय करायचं, या प्रश्नातून त्यांना ही कल्पना सुचली. २००६ साली फिरतं प्रदर्शन सुरू झालं, २०१० साली कायमची जागा मिळाली. तिथे लोकांनी पाठवलेल्या वस्तू आहेत, लग्नाचा पोशाख आहे, एका बाईनं प्रेयसी सोडून गेल्यावर तिचं फर्निचर रोज थोडं थोडं फोडलं ती कुऱ्हाड आहे. प्रत्येकीखाली दोन-चार ओळी, देणाऱ्याचं नाव नाही. माणसं वर्षानुवर्षं कपाटात ठेवलेली वस्तू पोस्टानं पाठवतात आणि मोकळी होतात. टॅटू असा पाठवता येत नाही.

म्हणजे, एका अर्थी पाठवला गेला आहे. लंडनच्या वेलकम संग्रहात माणसाच्या गोंदलेल्या कातडीचे सुमारे तीनशे तुकडे आहेत. बहुतेक एकोणिसाव्या शतकातल्या फ्रान्समधले. हेन्री वेलकमच्या माणसानं ते १९२९ साली पॅरिसमध्ये विकत घेतले. त्यांवर बायकांचे चेहरे आहेत, हृदयं आहेत, तारखा आहेत, आणि पॅन्सीची फुलं पुष्कळ आहेत, कारण फ्रेंचमध्ये त्या फुलाचं नाव आणि 'विचार' या अर्थाचा शब्द एकच. ज्यांच्या छातीवर आणि दंडावर हे होतं ते सैनिक होते, खलाशी होते की कैदी, हे बहुतेकांबाबत ठरवता येत नाही. चेहऱ्यांतल्या बायकांचा तर पत्ताच नाही. त्या बायकांना हे कळलं तरी होतं का? एखादीनं त्या माणसाला नकार दिला असेल आणि तिचा चेहरा काचेच्या कपाटात त्याच्या कातडीवर अजून हसत असेल. गोंदण सोबत येतं असं आज्या म्हणायच्या, ते त्या माणसांच्या बाबतीत तरी खरं ठरलं नाही. माणूस गेला, गोंदण मागे राहिलं.

लेखाविषयी दोन शब्द सांगून वाट मोकळी करून द्यायला हवी. भाषा साधी आहे, काही ठिकाणी मुद्दाम रुक्ष. तीन पुरुषांपैकी एकाचंही वर्णन नाही, डोळे कसे होते, उंची किती होती, काही नाही. होडी काढणाऱ्या जत्रेतल्या माणसाचं मात्र आहे: त्याची निकॉन लिहिलेली टोपी, गुडघ्यावर पसरलेला मळका टॉवेल, पुढच्या गिऱ्हाइकासाठी तीच सुई फडक्याला पुसणं. नंतर तिनं कावीळ झाली नाही ना म्हणून घाबरून रक्त तपासलं, तो परिच्छेद टॅटूच्या दुकानात टांगून ठेवावा असा आहे. तारखेतलं साल का वगळलं, हे ती सांगते आणि ते कारण इतकं व्यवहारी आहे की वाचताना हसू येतं. फुलपाखराबद्दल ती सगळ्यात कमी लिहिते.

लेख सुरू होतो तो टॅटूच्या दुकानात नाही. तो सुरू होतो गावाकडच्या स्वयंपाकघरात, चुलीपाशी. आजी भाकरी थापते आहे. तिच्या कपाळावर कुंकू नाही, वीस वर्षं झाली, पण हिरवी टिकली आहे. नातीनं ताट पुढे करताना बाही सरकते. आजी पिठाच्या हातानंच तिचं मनगट धरते, चुलीच्या उजेडात नेते, वळवून वळवून बघते. पुरं का नाही केलंस, असं ती विचारत नाही. विचारते ते असं की किती घेतले त्यानं. नात आकडा सांगते. आजी भाकरी तव्यावर टाकते, पाण्याचा हात फिरवते आणि म्हणते की तिच्या वेळी शेरभर ज्वारीत दोन्ही हात झाले होते, आणि कपाळ त्यातच.